कोरड्या कुरणाला काय हवं: पाणी की नत्र?

साहेल हा आफ्रिकेतला गवताळ पट्टा, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने आडवा पसरलेला. १९७०च्या आसपास तिथे सलग काही वर्षं भीषण दुष्काळ पडला आणि गुरांचे कळपच्या कळप संपले. दुष्काळ ओसरल्यावर डच आणि मालीतल्या संशोधकांनी मिळून तिथल्या कुरणांचा काही वर्षं अभ्यास केला. प्रश्न साधा होता: इथलं गवत कशामुळे अडतं? उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं होतं, पण निघालं भलतंच. वाळवंटाला अगदी लागून असलेली, वर्षाला साधारण २५०-३०० मि.मी.पेक्षा कमी पावसाची किनार सोडली, तर बाकीच्या बऱ्याच मोठ्या भागात पाणी संपायच्या आधी जमिनीतला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) संपत होता. खाली ओल शिल्लक असायची आणि वर गवताची वाढ थांबलेली असायची.

ज्या प्रदेशाची ओळखच 'पाऊस नाही' अशी, तिथे हे कसं होतं? आणि मग अशा जागी नुसतं पाणी घातलं तर काय होईल, नुसता नत्र घातला तर काय होईल, दोन्ही घातलं तर काय होईल? गेली पन्नासेक वर्षं मंगोलियन पठारापासून अमेरिकेच्या मध्य मैदानांपर्यंत कोरड्या गवताळ प्रदेशांत हेच प्रयोग चालू आहेत. त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला वाटतं निकालांत फारसा घोळ नाही, घोळ प्रश्नात आहे. 'पाणी की नत्र' असं विचारताना आपण धरून चालतो की या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या जमिनीत त्या तशा नसतात.

आधी पानापासून सुरुवात करू. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. हा सौदा झाडाला फार महागात पडतो: एक किलो सुकं गवत तयार व्हायला काहीशे लिटर पाणी हवेत उडून जातं. आत आलेल्या कार्बनची साखर बनवायचं काम करतात प्रथिनं, आणि प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नत्र असतो. यातलं मुख्य प्रथिन म्हणजे रुबिस्को. पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा या एकट्यातच अडकलेला असतो. हरितद्रव्यालाही नत्र लागतो.

आता नत्र कमी असलेलं पान घ्या. रंध्रं उघडी आहेत, पाणी जातंय, पण आत काम करणारी प्रथिनंच कमी आहेत. म्हणजे खर्च पुरेपूर आणि कमाई तोकडी. त्याच पानाला नत्र मिळाला, की तेवढ्याच पाण्यात जास्त साखर तयार होते. कोरड्या जागी नत्र घातल्यावर पाऊस तोच असूनही वाढ थोडी वाढते, त्यामागचं एक कारण हे आहे. नत्राने पाणी आणलं नाही, पण असलेलं पाणी कामी लावलं.

उलट बाजू जास्त रंजक आहे, आणि ती जमिनीखाली घडते.

मातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त नत्र सेंद्रिय पदार्थांत बांधलेला असतो: कुजकी मुळं, पालापाचोळा, मेलेले जिवाणू. तो झाडाला तसाच्या तसा फारसा घेता येत नाही. जिवाणू आणि बुरशी तो फोडून आधी अमोनियम आणि मग नायट्रेटच्या रूपात आणतात. या सूक्ष्मजीवांना काम करायला ओल लागते. शिवाय नायट्रेट पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच सरकतं. माती कोरडी झाली की कणांभोवतीचा पाण्याचा पातळ थर तुटतो. नायट्रेटचा साठा मुळापासून दोन सेंटिमीटरवर असला, तरी मुळाला तो शंभर मैलांवर असल्यासारखाच. नत्र मोजला तर आहे, पण पोचत नाही.

मग पाऊस पडतो. फार दिवस कोरडी राहिलेली माती पहिल्यांदा भिजते, तेव्हा मातीतून कार्बन डायऑक्साइडचा एकदम लोंढा निघतो आणि वापरता येईल असा नत्रही भरभर मोकळा होतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च या संशोधकाने १९५८मध्ये याची व्यवस्थित मांडणी केली, म्हणून याला 'बर्च परिणाम' म्हणतात. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. कोरडेपणात कित्येक सूक्ष्मजीव मेलेले असतात, त्यांची शरीरं जिवंत राहिलेल्यांचं अन्न होतात. तगून राहिलेल्यांनी पाणी धरून ठेवायला पेशींत साठवलेले पदार्थ अचानक पाणी मिळाल्यावर बाहेर टाकले जातात. मातीची ढेकळं फुटतात आणि आत झाकलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात होर्नादा नावाच्या वाळवंटी गवताळ भागात पाऊस अडवणारी छपरं उभारून आणि जास्तीचं पाणी घालून प्रयोग झाले. तिथे पाणी तोडलेल्या वाफ्यांच्या मातीत नायट्रेट जास्त सापडलं, पाणी घातलेल्यांत कमी. दुष्काळात नत्र साठतो, कारण तो उचलणारी मुळं थंडावलेली असतात.

यातून निघणारी गोष्ट या सगळ्या विषयाचा कणा आहे. एकाच जागी, एकाच हंगामात टंचाई बदलत राहते. पहिल्या सरी येतात तेव्हा साठलेला नत्र हाताशी असतो आणि कमी पडतं ते पाणी. पुढे पाऊस चांगला राहिला तर गवत तो साठा उपसून टाकतं, सूक्ष्मजीवही आपला वाटा घेतात, आणि हंगामाच्या मध्यावर ओल असूनही गवत पिवळसर पडू लागतं. आता टंचाई नत्राची. नंतर पंधरा दिवस पावसाने दडी मारली की पुन्हा पाण्याची. वर्षाच्या शेवटी एकदाच गवत कापून वजन करणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या हाती एक आकडा येतो आणि त्यावरून तो 'ही जागा पाण्याने अडली आहे' किंवा 'नत्राने अडली आहे' असा शिक्का मारतो.

एकोणिसाव्या शतकात श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मांडलेला नियम अजूनही शाळेत शिकवतात: जो घटक सगळ्यात कमी पडतो तोच वाढ ठरवतो, बाकीचे कितीही घाला, उपयोग नाही. कुंडीतल्या एका रोपाला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. कोरड्या कुरणाला तो लावला तर अपेक्षा अशी होते की पाणी कमी असताना नत्र घालून शून्य फरक पडावा. कमी पावसाच्या वेगवेगळ्या प्रदेशांतल्या खत-प्रयोगांचे आकडे डेव्हिड हूपर आणि लोरेटा जॉन्सन यांनी १९९९मध्ये एकत्र मांडले. पाऊस वाढत जाईल तसं पाण्याची टंचाई संपून नत्राची सुरू होईल, असा कुठलाही ठळक टप्पा त्यांना दिसला नाही. अगदी रखरखीत ठिकाणीही नत्राला प्रतिसाद होता. झाडं स्वतःच हे घडवून आणतात. पाणी कमी असेल तर मुळं वाढवायची, नत्र भरपूर असेल तर तेवढी मुळं कशाला, पानं वाढवायची; म्हणजे जे स्वस्त मिळतंय ते खर्च करून जे महाग आहे ते मिळवायचं. असं करत करत दोन्ही गोष्टी जवळपास सारख्याच टंचाईच्या होऊन बसतात. अशा जागी एकेक गोष्ट घातली तर थोडा फरक, दोन्ही घातल्या तर एकदम मोठा फरक, आणि हा मोठा फरक दोन छोट्या फरकांच्या बेरजेहून जास्त.

समजायला काही आकडे धरू (हे मोजलेले नाहीत, मी धरलेले आहेत). काहीच न घातलेल्या एक चौरस मीटरमध्ये सुकं गवत १०० ग्रॅम. नुसत्या पाण्यावर १४०, नुसत्या नत्रावर ११५. बेरजेच्या हिशेबाने दोन्ही घातल्यावर १५५ यायला हवं, पण येतं २२०. वरचे ६५ ग्रॅम कुठून आले? पाण्याने नत्र मुळापर्यंत पोचवला आणि नत्राने पाणी वाया जाऊ दिलं नाही, यातून. हे ६५ ग्रॅम पाण्याच्या खात्यात टाकायचे की नत्राच्या, याला अर्थच उरत नाही.

प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो हेही एकदा जवळून बघू, कारण निकालांतले बरेच फरक इथेच जन्माला येतात. माळावर काही मीटर लांबी-रुंदीचे वाफे आखतात, मध्ये मोकळी जागा सोडतात. कोणत्या वाफ्याला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे चांगली जमीन एकाच गटाच्या वाट्याला जायला नको. पाण्याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मि.मी. पाऊस. नत्राचं प्रमाण बहुतेकदा चौरस मीटरला वर्षाला १० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी १०० किलो. जगभर शंभराहून जास्त ठिकाणी एकसारखा प्रयोग चालवणाऱ्या 'न्यूट्रिएंट नेटवर्क'नेही हेच प्रमाण घेतलं आहे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम २२ ग्रॅम युरिया. गवत ऐन भरात असताना एक चौकट टाकून तिच्या आतलं सगळं जमिनीलगत कापतात, जातीवार वेगळं करतात, साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतात आणि मोजतात. जातीवार वेगळं करणं हे यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. फुलोरा नसलेल्या चार गवतांची पाती ओळखून वेगळी करायला बसलं की दिवस जातो.

त्या २२ ग्रॅम युरियाचं पुढे काय होतं? पाऊस नसताना तो नुसता पसरला, तर दाणे रात्रीच्या दवाने थोडे ओले होतात. मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांचं अमोनियात रूपांतर करू लागतं. दाण्याभोवतीची माती तेवढ्यापुरती आणखी विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, होते. कोरड्या प्रदेशांतली माती बऱ्याचदा मुळातच चुनखडीची आणि विम्ल असते, त्यामुळे अमोनिया वायू होऊन उडायला मोकळी वाट मिळते. मुळाशी पोचायच्या आधीच नत्राचा काही भाग हवेत गेलेला असतो. त्याच दिवशी चांगली सर आली तर तोच युरिया विरघळून खाली उतरतो. मग 'नत्र घातला पण परिणाम नाही' असं वाचलं की मनात पहिला प्रश्न यायला हवा तो हा, की नत्र मुळाशी पोचला होता का.

दुसरी गोम अशी की बहुतेक प्रयोग जमिनीवरचंच मोजतात. कोरड्या गवताळ प्रदेशात झाडांचं निम्म्याहून जास्त वजन मुळांत असतं. नत्र घातल्यावर वरचं गवत वाढलं, पण झाडाने मुळांकडचा खर्च पानांकडे वळवल्यामुळे ते वाढलं असेल, तर ती वाढ मानायची की जागाबदल? मुळं मोजायची तर माती खणून, चाळून, धुऊन काढावी लागतात, आणि दर खणण्याला वाफा खराब होतो. म्हणून ती कमी मोजली जातात.

वर्षाला किती पाऊस पडला, हा आकडाही एकटा फसवतो. उत्तर अमेरिकेच्या कोरड्या मैदानांत ब्लू ग्रामा नावाचं बुटकं, चिवट, ठोंबांनी वाढणारं गवत आहे. ओस्वाल्दो साला आणि विल्यम लाउएनरॉथ यांनी १९८२मध्ये दाखवलं की अवघा ५ मि.मी. पाऊस पडल्यावर हे गवत बारा तासांच्या आत तरतरीत होतं. पानांतला पाण्याचा ताण उतरतो, रंध्रं उघडतात. ही चैन एक-दोन दिवस टिकते. जमिनीलगतच पसरलेली मुळं आणि झटकन जागं व्हायची सवय, यावर हे गवत जगतं. खोल मुळांच्या झुडपाला मात्र त्या ५ मि.मी.चा पत्ताही लागत नाही. पाणी मोजक्याच मोठ्या सरींत पडलं तर ते खोल उतरतं आणि उन्हापासून वाचतं. एकूण पाऊस तेवढाच ठेवून सरी कमी पण मोठ्या केल्या, तर कोलोरॅडोच्या कोरड्या कुरणात वाढ सुधारली आणि कॅन्ससच्या ओल्या, उंच गवताच्या कुरणात खालावली. ओल्या जागी दोन सरींमधला उघडा काळ टोचतो; कोरड्या जागी छोट्या सरींचं पाणी वरच्यावर उडून जाणं टोचतं.

मातीही असाच उलटा खेळ खेळते. चिकणमाती किंवा पोयटा पाणी धरून ठेवतो म्हणून चांगला, रेताड जमीन हलकी, असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेच्या मध्य मैदानांतल्या हजारो ठिकाणांच्या नोंदी तपासून १९८८मध्ये असं दिसलं की वर्षाला साधारण ३७० मि.मी.पेक्षा कमी पाऊस असेल तिथे रेताड जमिनीवर गवत जास्त येतं. रेतीत पाणी पटकन खाली उतरतं आणि ऊन त्याला गाठू शकत नाही. भारी जमिनीत ते वरच्या थरात अडतं आणि वाफ होऊन जातं.

पाणी घालणं म्हणजे भलंच करणं, या समजाला सगळ्यात मोठा धक्का एका शेवाळाने दिला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावर झुडपांच्या आणि गवताच्या ठोंबांमधली मोकळी दिसणारी जमीन खरं तर मोकळी नसते. तिच्यावर शेवाळ, दगडफूल आणि नीलहरित जिवाणूंचा पातळ जिवंत पापुद्रा असतो. हा पापुद्रा माती धरून ठेवतो आणि त्यातले काही जीव हवेतला नत्रही जमिनीत आणतात. तिथे उन्हाळ्यात वरचेवर जेमतेम १.२ मि.मी. पाणी शिंपडायचा प्रयोग झाला; त्याचा निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. सिंट्रिचिया नावाचं, एरवी अत्यंत काटक शेवाळ भराभर मेलं. हे शेवाळ कोरडं असतं तेव्हा निपचित पडून राहतं, त्याचा खर्च जवळपास शून्य. भिजलं की ते जागं होतं आणि आधी दुरुस्तीत साखर खर्च करतं. ओल पुरेसा वेळ टिकली तर प्रकाशसंश्लेषण करून तो खर्च भरून काढतं आणि वर शिल्लकही टाकतं. १.२ मि.मी. पाणी मात्र उन्हात इतक्या लवकर उडून जातं की खर्च होतो आणि कमाई व्हायच्या आत दुकान बंद. प्रत्येक शिंपडणीला थोडं कर्ज, असं करत ते संपलं. शेवाळ गेल्यावर त्या मातीतल्या नत्राचं चक्रही बदललं. म्हणजे घातलं होतं फक्त पाणी, आणि हललं नत्राचं गणित.

एखादं वर्ष भरपूर पावसाचं गेलं तरी कोरडं कुरण लगेच ओल्या कुरणासारखं वाढत नाही. नकाशावर कोरड्याकडून ओल्या प्रदेशाकडे गेलं तर पावसागणिक गवत जितकं वाढत जातं, तितकं ते एकाच जागी कोरड्या वर्षाकडून ओल्या वर्षाकडे जाताना वाढत नाही. उगवायला ठोंब हवेत, ठोंबांवर फुटवे फुटायला डोळे हवेत, आणि ते मागच्या वर्षीच्या पावसावर ठरलेले असतात. होर्नादामध्येच दिसलं की आदल्या वर्षी पाणी तोडलं असेल तर यंदा भरपूर पाणी मिळूनही गवत मागे राहतं, कारण फुटव्यांची संख्याच कमी. आदलं वर्ष ओलं असेल तर याच्या उलट. एका वर्षाचा प्रयोग करून छापलेला आकडा म्हणूनच मी फार गंभीरपणे घेत नाही.

नुसता नत्र घालून कोरड्या वर्षात नुकसान होऊ शकतं हेही सांगायला हवं. सुरुवातीच्या ओलीवर नत्रामुळे भरभर पालवी फुटते. जास्त पानं म्हणजे जास्त रंध्रं, म्हणजे जमिनीतली ओल लवकर उपसली जाते. मग हंगामाच्या ऐन मध्यावर गवत करपतं. कोरडवाहू गहू पिकवणारे शेतकरी हे चांगलं ओळखतात.

वजनावरून पुन्हा साहेलकडे वळतो, कारण चाऱ्याच्या बाबतीत वजन किती दिशाभूल करतं हे तिथे दिसतं. उत्तरेला पाऊस कमी, गवत बुटकं आणि विरळ, पण प्रथिनांनी भरलेलं. दक्षिणेला पाऊस जास्त, गवत पुरुषभर उंच, पण पोषणाला हलकं. उत्तरेत पाणी आधी संपतं, त्यामुळे जमिनीतून मिळालेला नत्र थोड्याशा गवतात एकवटतो. दक्षिणेत पाणी पुरतं, गवत वाढत राहतं आणि जवळपास तेवढाच नत्र मोठ्या ढिगात पातळ होत जातो. तिथले पशुपालक पावसाळ्यात गुरं उत्तरेकडे का हाकतात, याचं उत्तर यात आहे. प्रयोगाच्या वाफ्यातही हेच होतं. नुसत्या पाण्याने ढीग वाढतो आणि दर किलोतला नत्र घटतो. नुसत्या नत्राने कधी कधी वजनात काहीच फरक दिसत नाही, पण पानं सकस झालेली असतात. काट्यावर 'परिणाम शून्य' आणि गुरासाठी चारा बदललेला.

आता राहिला सगळ्यात नाजूक भाग: वाढतं कोण? कुरण म्हणजे एक पीक नसतं, पंचवीस-तीस जातींची ती गर्दी असते आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा. पाणी-नत्र दोन्ही मिळालं की उंच आणि जोमाने वाढणारी एक-दोन गवतं मुसंडी मारतात. कोरड्या कुरणात एरवी भांडण जमिनीखाली असतं, वर ऊन सगळ्यांना पुरतं. आता खालची टंचाई मिटली आणि भांडण वर आलं, उजेडासाठी. वाळकं गवतही दाट साठतं आणि नव्या रोपांना रुजू देत नाही. २००९मध्ये काचघरात एक प्रयोग झाला: खत घातलेल्या गवताळ रोपसमूहांत खालच्या झाडांना वेगळे दिवे लावून उजेड दिला, आणि जाती कमी होणं थांबलं. नत्राने जाती मरतात त्यात उजेडाचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

उजेड हे एकमेव कारण नाही. कडधान्यांच्या कुळातली झाडं मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतात. नत्र फुकट वाटला जाऊ लागला की त्यांचा हा फायदा संपतो आणि गाठींचा खर्च मात्र अंगावर राहतो. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं नत्र घातला तर मातीचा सामू (पीएच) उतरतो, म्हणजे माती आम्लधर्मी होत जाते. चुनखडीची माती ते बराच काळ सोसते, बाकीच्या माती सोसत नाहीत. इनर मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली: सामू उतरल्यावर मातीतलं मँगनीज मोकळं झालं, रुंद पानांच्या फुलझाडांनी ते पानांत साठवून घेतलं आणि त्यांचं प्रकाशसंश्लेषण मंदावलं. गवतांनी ते तेवढं उचललंच नाही. फुलझाडं घटली ती उपासमारीने घटली नाहीत, त्यांना विषबाधा झाली होती.

प्रयोग थांबवला की सगळं पूर्ववत होतं का? कोलोरॅडोच्या बुटक्या गवताच्या कुरणात १९७०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत पाणी, नत्र आणि दोन्ही असे वाफे चालवले आणि मग थांबवले. पाणी आणि नत्र दोन्ही मिळालेल्या वाफ्यांत बाहेरून आलेल्या तणांनी खरी उचल घेतली ती प्रयोग बंद पडल्यानंतरच्या वर्षांत. मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे वाळूच्या जमिनीवर १९८२पासून नत्राचे प्रयोग चालू आहेत. हा भाग साहेलसारखा कोरडा नाही, पण नोंदी इतक्या लांबच्या आहेत की त्या टाळता येत नाहीत. तिथल्या काही वाफ्यांत दहा वर्षांनी नत्र बंद केला. त्यानंतर वीस वर्षं उलटली तरी गेलेल्या जाती परतल्या नव्हत्या.

सीडर क्रीकमधलाच आणखी एक आकडा. प्रयोगांत सर्रास घालतात ते चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र, आणि इतका नत्र आपोआप कुठे पडतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. गाड्यांचा धूर, कारखाने, खतं आणि गोठे यांतून हवेत गेलेला नत्र पावसाबरोबर आणि धुळीबरोबर कुरणांवर परत येतो, पण त्याचं प्रमाण सहसा याहून बरंच कमी असतं. सीडर क्रीकमध्ये काही वाफ्यांना वर्षाला चौरस मीटरमागे फक्त १ ग्रॅम नत्र दिला, सव्वादोन ग्रॅम युरियात असतो तेवढा. वीस-बावीस वर्षांनंतर, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबात, त्या वाफ्यांत काहीच न घातलेल्या वाफ्यांपेक्षा १७ टक्के जाती कमी होत्या. घातलेल्या प्रत्येक ग्रॅमामागे किती जाती गेल्या असं मोजलं, तर मोठ्या मात्रेपेक्षा ही छोटी मात्रा जास्त महागात पडली होती.